कोष्टक आलें, पण वस्तु सिद्ध झाली काय?

सोलापुरांत वाढलेल्या मुलाला मागाचा खडखडाट नवा नाहीं. ज्याच्या घरीं माग नाहीं, त्याच्याहि अंथरुणावर सोलापुरी चादर असतेच. महाराष्ट्रांतील ज्या वस्तूंना आरंभीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांत ही चादर व येथील टॉवेल यांची गणना होते, हें अनेकांस ठाऊक आहे. परंतु चादरीवरील मोर किंवा वेलबुट्टी विणली जात असतांना मागाला ‘आतां हा धागा उचल, आतां तो खालीं राहूं दे’ असें कोण सांगतें, हा प्रश्न फार थोडे विद्यार्थी विचारतात. आज आपल्याला ज्या विषयाचा अभ्यास करावयाचा आहे, तो वरवर पाहतां मागापासून फार दूरचा, म्हणजे संगणकाच्या पोटांतील एका सूक्ष्म व्यवस्थेचा आहे. तरी त्याची किल्ली मागावरच सांपडते. म्हणून प्रथम तिकडेच वळूं.

फ्रान्स देशांतील लिआँ शहरचा कारागीर जोसेफ मारी जकार यानें १८०४ सालाच्या सुमारास नक्षीचा माग सुधारून तो पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालेल असा केला. त्याच्याच नांवावरून त्या यंत्राला आपल्याकडे ‘जकार्ड’ म्हणतात. पत्त्याला जेथें भोंक असेल तेथें यंत्राची सुई आंत शिरते, तिच्याशीं जोडलेला आंकडा जागचा हलत नाहीं, आणि वर जाणारी पट्टी त्या आंकड्याबरोबर ताण्याचा धागा उचलते. जेथें भोंक नसेल तेथें पत्ता सुईला मागें ढकलतो, आंकडा पट्टीवरून सुटतो, आणि धागा खालींच राहतो. असे अनेक पत्ते एकमेकांस बांधून त्यांची माळ करतात. माग तोच, विणकर तोच, सूतहि तेंच. पण माळ बदलली कीं मोराच्या जागीं वेल उमटते. सांगावयाचें तें सारें त्या भोंकांत भरलेलें असतें. इंग्लंडांतील गणिती चार्ल्स बॅबेज यानें आपल्या नियोजित गणकयंत्रासाठीं हेच पत्ते योजिले होते, यावरून मागाचें आणि संगणकाचें नातें किती जुनें आहे हें ध्यानांत येईल.

आतां नक्षी बदलावयाची आहे असें समजा. जुनी माळ उतरली, नवी चढली. नवखा मनुष्य म्हणेल, ‘झालें, आतां माग सुरू करा.’ जाणता विणकर तसें करीत नाहीं. पत्ते पुरे आहेत काय, हें तो मोजतो. मोजणी जुळली तरी त्यांचा क्रम बरोबर आहे काय आणि पहिलाच पत्ता समोर आहे काय, हें पाहतो. नंतर थोडेंसें कापड विणतो. आणि या चादरीची नक्षी दोन्ही अंगांनीं दिसत असल्यामुळें तें उलटूनहि पाहतो. माळ चढणें ही एक गोष्ट आणि माग नव्या नक्षीसाठीं सिद्ध होणें ही दुसरी गोष्ट, हें त्याला अनुभवानें पटलेलें असतें. कारण एक पत्ता मागें-पुढें झाला तर माग बंद पडत नाहीं, तक्रारहि करीत नाहीं. तो चुकीची चादर तितक्याच इमानानें विणीत राहतो. सायंकाळीं घडी उलगडल्यावर दोष दिसतो, तेव्हां सूत गेलेलें असतें आणि दिवसाची मजुरीहि गेलेली असते.

विद्यार्थी मित्रहो, या लेखाचें सार एवढेंच आहे: यंत्र चालू आहे याचा अर्थ तें बरोबर चालूं आहे असा नव्हे, आणि एखादी गोष्ट आंत आली याचा अर्थ ती कामास सिद्ध झाली असा नव्हे. हेंच तत्त्व आतां संगणकांत पाहूं.

संगणकाचें बटण दाबल्याबरोबर प्रथम जागें होतें तें फर्मवेअर. यंत्र बनविणाऱ्यानें मुख्य पाटीवरील एका चिपेंत कायम ठेवलेला हा कार्यक्रम होय. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे सर्व कारभार पाहणारी प्रणाली, कामास लागते. पण या कारभारणीला घराची माहिती कोठें असते? पंखा कोठें आहे, बॅटरी किती उरली हें कोणाला विचारावयाचें, झांकण मिटल्याची खबर कोण देणार, हें प्रत्येक यंत्रांत निराळें. ही माहिती फर्मवेअर ठराविक नमुन्याच्या कोष्टकांत मांडून ठेवतें. त्या नमुन्याच्या संकेताला ‘ॲडव्हान्स्ड कॉन्फिगरेशन अँड पॉवर इंटरफेस’ असें लांबलचक नांव आहे. संक्षेपानें त्यास एसीपीआय म्हणतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनीं मिळून तो डिसेंबर १९९६ मध्यें प्रसिद्ध केला, आणि २०१३ पासून त्याचा सांभाळ युईएफआय फोरम ही संस्था करीत आहे.

अशा कोष्टकाच्या आरंभीं ३६ बाइटांचा मथळा असतो. बाइट म्हणजे ० पासून २५५ पर्यंतची एक संख्या, इतकें येथें पुरे. मथळ्यांत प्रथम चार अक्षरांची खूण, मग कोष्टकाची लांबी, आवृत्ति, ताळा, आणि शेवटीं तें कोणीं व कोणत्या साधनानें रचलें याच्या नोंदी असतात. मुख्य कोष्टकाची खूण डीएसडीटी. त्याला जोडून येणाऱ्या पुरवणी-कोष्टकांची खूण एसएसडीटी. या दोहोंत केवळ आंकडे नसतात, तर एएमएल नांवाच्या संक्षिप्त भाषेंत लिहिलेल्या वस्तु आणि कृति असतात. ऑपरेटिंग सिस्टिम तें वाचून आपल्या स्मृतींत एक नामवृक्ष उभा करते. खोड, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या, आणि प्रत्येक टोंकाला एक वस्तु: हा पंखा, ही बॅटरी, हा उष्णतामापक.

यांतील ताळ्याची रीत तुमच्या अंकगणितांतील ताळ्यासारखीच आहे. कोष्टकांतील सर्व बाइटांची बेरीज करून तिला २५६ नें भागलें असतां बाकी शून्य उरली पाहिजे. तशी ती उरावी म्हणून ताळ्याच्या घरांत योग्य ती संख्या घालून ठेवतात. उदाहरणार्थ, इतर बाइट १००, ९० आणि ५० असे तीनच असतील तर बेरीज २४० झाली. म्हणून ताळा १६ लिहावयाचा, म्हणजे एकूण २५६ होऊन बाकी शून्य. एखादा बाइट वाटेंत बिघडला कीं बाकी शून्य येत नाहीं आणि लबाडी उघडकीस येते. पण येथेंच सावध व्हा. १०० आणि ९० यांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते, आणि ताळा गप्प बसतो. पत्त्यांची मोजणी जुळली, पण दोन पत्ते उलटसुलट लागले, अशी ही स्थिति आहे. ताळा जुळणें अवश्य आहे, परंतु तेवढें पुरेसें नाहीं.

येथवरचा भाग सोपा आहे, कारण सर्व कोष्टकें यंत्र सुरू होतांनाच हजर आहेत असें आपण मानलें. वस्तुस्थिति तशी नसते. कांहीं पुरवणी-कोष्टकें यंत्र चालूं लागल्यावर मागाहून येतात. पुष्कळ संगणकांत प्रोसेसरच्या वीज-बचतीचीं कोष्टकें अशींच असतात: ऑपरेटिंग सिस्टिम ‘मला अमुक अमुक रीती येतात’ असें सांगते, तें ऐकून मुख्य कोष्टकांतील एक कृति ‘लोड’ या आज्ञेनें योग्य तें पुरवणी-कोष्टक आंत घेते. लिनक्स प्रणालींत तर जाणत्या मनुष्याला स्वतः रचलेलें पुरवणी-कोष्टक चालू यंत्रांत घालण्याचीहि सोय आहे. माग चालू असतां नक्षीची नवी माळ जोडावी, तसा हा प्रकार होय.

येथें प्रश्न उभा राहतो. सकाळीं घंटा होते तेव्हां सर्व विद्यार्थी रांगेंत उभे राहतात, हजेरी होते, जागा ठरतात. परंतु एखादा विद्यार्थी मध्यान्हीं नव्यानें दाखल झाला तर? त्याचें नांव पटावर चढलें, पण त्याला वर्ग दाखविला नाहीं, पुस्तकें दिलीं नाहींत, तर तो पटावर आहे आणि शाळेंत नाहीं. मागाहून आलेल्या कोष्टकांतील वस्तूंचें असेंच होऊं शकतें. आरंभींच्या वस्तूंना जे संस्कार झाले, ते सर्व या उशिरा आलेल्या वस्तूंनाहि झाले पाहिजेत. वस्तु अशी सिद्ध होण्याला आपण ‘आरंभसिद्धता’ म्हणूं, आणि ती झाली कीं नाहीं याची परीक्षा कशी घ्यावी, हा आजच्या पाठाचा मुख्य विषय आहे.

आरंभसिद्धतेच्या पायऱ्या अशा. प्रथम मथळा व ताळा पाहावयाचा. मग कोष्टकांतील नांवें नामवृक्षावर योग्य फांदीला लावावयाचीं. नंतर त्या नांवांत मूल्यें भरावयाचीं. कारण कांहीं वस्तूंचें आकारमानच दुसऱ्या वस्तूवरून काढावें लागतें, आणि नांव लागलें तरी आंतील घर रिकामें अशी अवस्था मध्यें येऊं शकते. त्यानंतर प्रत्येक उपकरणाला ‘तूं आहेस काय?’ असें विचारावयाचें. या प्रश्नाचें उत्तर देणाऱ्या कृतीला एसटीए म्हणतात. आणि उपकरण हजर असेल तर त्याची ‘आयएनआय’ नांवाची कृति एकदां चालवावयाची. उपकरणाला कामाच्या स्थितींत आणणें हें तिचें काम.

एसटीएचें उत्तर एका संख्येंत येतें, आणि ती संख्या बेरजेनें बनते: उपकरण हजर असल्यास १, चालू केलेलें असल्यास २, वापरणाऱ्यास दाखवावयाचें असल्यास ४, नीट काम करीत असल्यास ८. चारहि गोष्टी असल्या तर १ + २ + ४ + ८ = १५. ज्या उपकरणाला एसटीए कृतीच नाहीं, तें हजर व नीट आहे असें धरून चालावें, असा नियम आहे. हजरहि नाहीं आणि कामाचेंहि नाहीं असें उत्तर आलें, तर त्याची आयएनआय चालवावयाची नाहीं, आणि त्याच्या उपफांद्यांकडेहि पाहावयाचें नाहीं. उत्तर ८ आलें, म्हणजे स्वतः हजर नाहीं पण कामाचें आहे, तर त्याची आयएनआय चालवावयाची नाहीं. मात्र उपफांद्या तपासावयाच्या. आणखी एक बारीक नियम असा कीं, कोष्टक आंत घेतांना जें उपकरण गैरहजर होतें, तें मागाहून हजर झालें तरी त्यासाठीं आयएनआय चालविली जात नाहीं. कोष्टक आंत घेण्याची वेळ हीच तिची वेळ.

यांत घोटाळा झाला तर बिघडतें काय, हें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, मागाहून आलेल्या कोष्टकांत एक उष्णतामापक आहे. एसीपीआयच्या संकेतांत उष्णता केल्विनच्या दशांशांत सांगतात. म्हणजे सेल्सिअस अंशांना १० नें गुणून त्यांत २७३२ मिळवावयाचे. वैशाखांत सोलापूरच्या खोलींत ४२ अंश उष्णता असेल तर संख्या होईल ४२० + २७३२ = ३१५२. पंखा ६० अंशांना सुरू करावयाचा असेल तर मर्यादा ३३३२. आतां मापकाच्या घरांत आरंभीं ० लिहिलेला आहे, आणि खरी संख्या आयएनआय चालल्यावरच तेथें यावयाची आहे. ती कृति चाललीच नाहीं तर ऑपरेटिंग सिस्टिमला दिसणार ०, म्हणजे शून्याखालीं २७३.२ अंश! त्याहून थंड या सृष्टींत कांहीं असूं शकत नाहीं. यंत्र आंतून पोळत असतांना कारभारीण म्हणेल, ‘गारठा फार आहे, पंखा कशाला?’

प्रोसेसरला स्वतःचें निराळें संरक्षण असतें. फार तापल्यास तो आपला वेग कमी करतो, नाहीं तर यंत्र एकाएकीं बंद पडतें. म्हणून भयंकर अनर्थ होईल असें नव्हे. परंतु ज्या विद्यार्थ्याचा अर्धा निबंध त्या यंत्रांत होता, त्याचा तो निबंध गेला. आणि विशेष हें कीं, कोष्टक ‘आंत आलें’ अशीच नोंद सर्वत्र असते. दोष शोधणारा त्या नोंदीवर विश्वास ठेवून भलतीकडे शोधीत बसतो.

तेव्हां परीक्षा कशी घ्यावी? ‘लोड’ आज्ञेनें यश कळविलें एवढ्यावर परीक्षा संपवूं नये. तें पत्त्यांची माळ चढली एवढेंच सांगणें झालें. वस्तु ज्या कामासाठीं आहे, त्या कामाच्या बाजूनें तिला प्रश्न विचारावा. यासाठीं दोन लहान कोष्टकें रचावीं: एक आरंभींच हजर असणारें, आणि दुसरें मागाहून यावयाचें. दोहोंत एकेक उपकरण ठेवावें, आणि प्रत्येकाच्या आयएनआय कृतींत एका मोजणीच्या घरांत १ मिळविण्याची सूचना लिहावी. आरंभीं दोन्ही घरांत ० असावा.

पहिली परीक्षा: यंत्र सुरू झाल्यावर, दुसरें कोष्टक येण्यापूर्वीं, पहिल्याची मोजणी १ आहे काय, आणि दुसऱ्या उपकरणाचें नांव वृक्षावर नाहींच ना, हें पाहावें. ही पूर्वस्थिति न पाहतां पुढील फळाचा अर्थ लावतां येत नाहीं.

दुसरी परीक्षा: दुसरें कोष्टक आंत घ्यावें आणि लगेच त्याची मोजणी विचारावी. ती १ असली पाहिजे. ० आली तर वस्तु पटावर चढली पण सिद्ध झाली नाहीं. २ आली तर एकच संस्कार दोनदां झाला, आणि तोहि दोषच.

तिसरी परीक्षा बहुतेक लोक विसरतात. दुसरें कोष्टक आल्यावर पहिल्याची मोजणी पुन्हां पाहावी. ती १ च राहिली पाहिजे. नवा विद्यार्थी आला म्हणून साऱ्या शाळेची पुन्हां हजेरी घेतली, जुन्यांना उठवून नव्या जागा दिल्या, तर चाललेलें काम मोडेल. चालू असलेल्या उपकरणाला पुन्हां आरंभस्थितींत नेणें हें त्याला न हलविण्यापेक्षां कधीं कधीं अधिक घातक असतें.

चौथी परीक्षा म्हणजे चादर उलटून पाहणें. दुसऱ्या कोष्टकांतील उपकरणाला ० असें उत्तर देणारी एसटीए कृति जोडावी. आतां मोजणी ० च राहिली पाहिजे. मग एसटीएचें उत्तर बदलून १५ करावें आणि पुन्हां मोजणी पाहावी. नियमाप्रमाणें ती अजूनहि ० च हवी, कारण कोष्टक आंत घेण्याची वेळ निघून गेली आहे. जें व्हावयास हवें तें झालें हें पाहणें ही परीक्षेची एक बाजू. जें होऊं नये तें झालें नाहीं हें पाहणें ही दुसरी.

पांचवी परीक्षा दुसऱ्या कोष्टकांतून पहिल्यांतील वस्तूचें नांव घेण्याची. पुरवणी-कोष्टक बहुधा एकटें नसतें. तें मुख्य कोष्टकांतील नांवांचा आधार घेतें. तो आधार खरोखर जुळला काय, आणि आधाराची वस्तु नसतांना प्रणाली गोंधळून न जातां स्पष्ट दोष सांगते काय, हें दोन्ही पाहावें. तसेंच उपकरणाच्या यंत्रभागापर्यंत जाण्याची वाट मोकळी झाल्याची सूचना मिळण्यापूर्वींच आयएनआयनें तिकडे हात घालतां कामा नये. अशी सूचना देण्यासाठीं ‘आरईजी’ नांवाची निराळी कृति आहे. ताणा बांधला नाहीं तोंच धोटा फेकण्यासारखें तें होईल.

सहावी परीक्षा बिघडलेल्या कोष्टकाची. एक बाइट मुद्दाम बदलावा आणि ताळ्याचा दोष कोणाच्या लक्षांत येतो काय तें पाहावें. तेंच कोष्टक दोनदां आंत घेण्याचाहि प्रयत्न करावा. नांवें आधींच वृक्षावर आहेत, तेव्हां प्रणालीनें त्यांवर मुकाट्यानें दुसरी प्रत चढवूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. परीक्षेचीहि परीक्षा घेतली पाहिजे. समजा, उष्णतामापकाच्या घरांत तुम्हीं आरंभींच ३१५२ लिहिलें, आणि आयएनआय चालल्यावरहि ३१५२ च अपेक्षिलें. परीक्षा उत्तीर्ण होईल. पण आयएनआय चालली नसती तरी ती उत्तीर्णच झाली असती! अशी परीक्षा डोळे मिटलेल्या पहारेकऱ्यासारखी आहे. म्हणून आरंभींचें मूल्य अपेक्षित मूल्याहून निराळें ठेवावें. आणि एकदां मुद्दाम आयएनआय काढून टाकून परीक्षा अनुत्तीर्ण होते काय, हें पाहावें. जी परीक्षा कधींच नापास करीत नाहीं, तिच्या पास करण्याला किंमत नाहीं.

हे प्रयोग घरच्या संगणकाच्या खऱ्या कोष्टकांवर करण्याचें साहस कोणींहि करूं नये, आणि त्याची गरजहि नाहीं. इंटेलनें एसीपीआयसाठीं तयार केलेला ‘एसीपीआयसीए’ हा मुक्त कार्यक्रमसंच लिनक्स, फ्रीबीएसडी इत्यादि प्रणाली वापरतात. त्यांत ‘आयएएसएल’ हें साधन कोष्टक रचून देतें, आणि ‘एसीपीआयएक्झेक’ हें साधन त्या कोष्टकाला खऱ्या उपकरणांस स्पर्श न करतां चालवून दाखवितें. विणकर जसा मोठ्या ताण्याला हात घालण्यापूर्वीं वीतभर कापड विणून पाहतो, तशीच ही सोय आहे. ज्यांना प्रोग्रॅम लिहिण्याची गोडी आहे अशा वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं वरील सहा परीक्षा त्यावर करून पाहाव्या, आणि प्रत्येक वेळीं काय अपेक्षिलें व काय आलें हें वहींत दोन रकान्यांत लिहावें. अपेक्षा आधीं लिहावी; फळ पाहून अपेक्षा लिहिणें हें उत्तर पाहून गणित सोडविण्यासारखें आहे.

सुज्ञ पालकांस एक विनंती. मुलगा किंवा मुलगी संगणकापुढें बसली म्हणजे ती कांहीं शिकते आहे असें आपण धरून चालतों. परंतु यंत्र वापरणें आणि यंत्राला योग्य प्रश्न विचारणें यांत फार अंतर आहे. या गांवच्या पुष्कळ घरांत आजोबांनीं किंवा पणजोबांनीं मागावर उमेदीचीं वर्षें घालविलीं. तेलंगणांतून येथें येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांचा त्यांत मोठा वांटा आहे. नवी माळ चढविल्यावर कापड उलटून पाहण्याची त्यांची संवय हीच शास्त्रीय परीक्षेची खरी संवय होय. ती मुलांना कोणत्याहि पुस्तकाआधीं घरांतूनच मिळूं शकते. एखाद्या संध्याकाळीं त्यांना मागापाशीं नेऊन, पत्ता बदलल्यावर काय काय पाहिलें जातें, हें जाणत्या मनुष्याच्या तोंडून ऐकवावें. संगणकाचा पुष्कळसा पाठ त्यांना तेथेंच मिळेल.

विद्यार्थ्यांनो, दाखल्यावर नांव चढलें म्हणजे विद्या आली असें नव्हे. पुस्तक दप्तरांत आलें म्हणजे तें डोक्यांत गेलें असेंहि नव्हे. कोष्टकाची गोष्ट तीच. आंत आलेल्या प्रत्येक वस्तूला तिच्या कामाचा प्रश्न विचारा, आणि उत्तर आल्यावर एकदां चादर उलटून पाहा.

अभ्यासार्थ प्रश्न

१. एका लहान कोष्टकांत ताळ्याव्यतिरिक्त १२०, ७७ आणि ३३ हे बाइट आहेत. ताळ्याच्या घरांत कोणती संख्या लिहावी? यांतील कोणता बिघाड ताळ्याला कळणार नाहीं?

२. खोलींत ४७ अंश सेल्सिअस उष्णता असतां संकेताप्रमाणें मापकानें कोणती संख्या सांगावी?

३. एसटीएचें उत्तर १३ आलें. उपकरणाविषयीं कोणत्या गोष्टी खऱ्या व कोणती खोटी? त्याची आयएनआय चालवावी काय?

४. एसटीएचें उत्तर ० आणि ८ यांत उपफांद्यांच्या दृष्टीनें काय फरक पडतो?

५. जी कधींच नापास करीत नाहीं अशा एका परीक्षेचें उदाहरण आपल्या रोजच्या व्यवहारांतून द्या, आणि ती कशी सुधारावी तें चार ओळींत लिहा.